कातड्याचा टाका आणि पांढरपेशांचा विटाळ

आमच्या सुशिक्षित वर्गास हस्तकलेविषयी मोठे प्रेम वाटू लागले आहे, असे अलीकडे वारंवार ऐकू येते. घरोघरी लोकरीच्या टोप्या विणल्या जातात, पणत्या रंगविल्या जातात, आकाशकंदील विकत न आणता घरीच करावा असे मुलांस सांगितले जाते. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु ह्या प्रेमास एक कुंपण आहे. ते कोठे घातले आहे हे पाहावयाचे असेल, तर घरातील एखाद्या मुलाने अथवा मुलीने सुई लोकरीत न घालता कातड्यात घालून पाहावी.

वरणगावी आमच्या परिचयाच्या एका घरात नेमके हेच घडले. भुसावळच्या पूर्वेस असलेल्या ह्या गावी १९६४ पासून लष्करी काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. त्या कारखान्यात कुशल कामगार म्हणून आयुष्य घालविलेल्या गृहस्थांचे हे घर. त्यांचे वृद्ध वडील अजून केळीच्या बागेत जातात व त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक घडीचा चाकू सदैव असतो. चाकूच्या वजनाने आणि कडांनी खिसा महिन्या-दोन महिन्यांत फाटतो. दहावीत शिकणाऱ्या नातीच्या मनात आले की दिवाळीस आजोबांना ह्या चाकूसाठी कातड्याचे घर शिवून द्यावे. चष्म्याचे घर असते तसे. बाजाराच्या वाटेवर बसणाऱ्या एका कारागिराकडे ती गेली व म्हणाली, "काका, मला टाका शिकवाल का?" त्यांनी तिला रिकामे पोते अंथरून बसावयास दिले. तिसऱ्या दिवशी ही बातमी घरी पोचली आणि घरात वाद उभा राहिला.

आक्षेप तीन होते. वडील म्हणाले, बाजारात असले पाकीट थोडक्या पैशांत तयार मिळते, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? आईस भीती वाटली की आरी हातात घुसेल. आणि आत्याबाई म्हणाल्या, "देवघराशेजारी कातडे कापीत बसशील, तर उद्या चपलाच शिवायला लागशील!" पहिल्या दोन आक्षेपांत प्रामाणिकपणा होता, आम्हांस त्यांचा राग नाही. तिसऱ्यात सत्य होते. ह्या घरासारख्या हजारो घरांत ते तोंडाबाहेर पडत नाही, आणि म्हणूनच पहिल्या दोहोंचे पांघरूण त्यास लागते. त्याच्याशीच आमचे भांडण आहे.

प्रथम विकतच्या पाकिटाचा विचार करू. ते यंत्रावर शिवलेले असते. शिवणयंत्राच्या टाक्यात दोरे दोन असतात खरे, परंतु वरचा वरच राहतो आणि खालचा खालीच. दोघांची भेट होते ती कातड्याच्या पोटात, एका आढ्यापुरती. त्यातला एक दोरा चाकूच्या मुठीशी घासून तुटला की शेजारचे टाके एकामागून एक ढिले पडू लागतात. घोड्याचे खोगीर ज्या रीतीने शिवीत, ती दोन सुयांची हातशिवण याहून वेगळी आहे. तीत दोरा एकच, त्याच्या दोन टोकांस दोन सुया, आणि प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून पार जातात. एका अंगाचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या अंगाचा आपली जागा सोडीत नाही. ज्या वस्तूवर रोज घासणे-ओढणे व्हावयाचे तिला हातशिवण अधिक टिकाऊ ठरते, ह्यात भावनेचा प्रश्न नाही. दोऱ्याच्या वाटेचा प्रश्न आहे.

पहिल्याच कामास चाकूचे घर निवडण्यात त्या मुलीने शहाणपणा दाखविला, असे आम्ही म्हणतो. बूट शिवावयास साचा लागतो, पिशवीस अस्तर लागते, पट्ट्यास लांबलचक सलग कातडे लागते. चाकूच्या घरास वीतभर तुकडा पुरतो आणि शिवण फार तर दोन बाजूंची. शिवाय घडीच्या चाकूचे पाते मिटलेले असते. उघड्या पात्याच्या सुरीचे म्यान करावयाचे झाले तर शिवणीच्या आत कातड्याची आणखी एक पट्टी घालावी लागते, नाही तर पातेच टाके कापून टाकते. ही अडचण येथे नाही.

कातडे दोन मिलिमीटरांच्या आसपास जाडीचे असावे आणि ते झाडाच्या सालीत कमावलेले असावे. बाभळीची साल आणि हिरडा ही आपल्याकडची जुनी कमावणीची द्रव्ये. क्रोम क्षारांत कमावलेले कातडे ह्याहून निराळे. ओळखण्याची खूण सोपी आहे. कडा कापून पाहावी. सालीत कमावलेल्या कातड्याची कड बहुधा आतपर्यंत तपकिरी दिसते, क्रोमची पुष्कळदा निळसर-करडी असते. दुसरी खूण पाण्याची: सालीचे कातडे भिजले की मऊ होते, दाबाल तो आकार घेते आणि वाळल्यावर तो धरून ठेवते. क्रोमचे कातडे वाळले की पुन्हा पूर्ववत् लुळे. चाकूचा आकार घेणारे घर हवे असेल तर क्रोमवर पैसे घालवू नयेत, मग दुकानदार त्यास कितीही इंग्रजी विशेषणे लावो.

आधी कागदाचा नमुना कापावा. चाकूभोवती कागद गुंडाळून, शिवणीसाठी दोन्हीकडे बोटभर जागा सोडून, तो प्रत्यक्ष चाकूवर बसवून पाहावा. कागद चुकला तर कागदच जातो. मग नमुन्याबरहुकूम रापीने कातडे कापावे. रापी नसेल तर धारदार कटर चालतो, परंतु कात्री नव्हे, कारण कात्रीने कड तिरपी जाते. घडी घालून कडांच्या आत सोल्यूशनचा पातळ हात द्यावा म्हणजे शिवताना दोन पदर सरकत नाहीत. कडेपासून चार मिलिमीटर आत कंपासाच्या टोकाने रेघ ओढावी आणि त्या रेघेवर सारख्या अंतराने छिद्रांच्या खुणा कराव्या. ह्यासाठी परदेशी अवजारे विकत मिळतात; जेवणाच्या काट्याचे दाते रेघेवर दाबीत गेले तरी पहिल्या कामापुरते भागते. मग आरीने एकेक छिद्र पाडावयाचे, आरी सरळ उभी धरून. ती तिरपी झाली की पुढची शिवण नीट दिसते आणि मागची दारूड्यासारखी चालते. येथेच आईच्या भीतीचेही उत्तर आहे. आरीच्या वाटेत पलीकडचे बोट ठेवावयाचे नाही आणि कातड्याखाली लाकडाचा किंवा बुचाचा तुकडा धरावयाचा. स्वयंपाकघरातील विळीवर बसण्यापेक्षा हे काम अधिक धोक्याचे नाही, आणि विळीवर त्याच मुलीस बसविताना कोणी हरकत घेतलेली आमच्या पाहण्यात नाही.

दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपटीहून थोडा अधिक घ्यावा व मेणाच्या वडीवरून दोन-तीनदा ओढावा. मेणामुळे तो छिद्रात घट्ट बसतो आणि ओल लवकर शिरत नाही. कातडे दोन गुडघ्यांत दोन लाकडी फळ्यांमध्ये धरून दोन्ही हात मोकळे ठेवावे. नवशिक्याचा सर्वांत मोठा दोष असा की तो एका छिद्रात उजवी सुई आधी घालतो, पुढच्यात डावी. क्रम एकदा ठरला की शेवटपर्यंत तोच ठेवला पाहिजे, तरच टाके एका बाजूस कललेले व एकसारखे पडतात. ओढ दोन्ही हातांची सारखी हवी. शेवटी गाठ मारावयाची नाही. दोन-तीन टाके उलट मागे घेऊन दोरा कडेस कापावा. नंतर घर पाण्यात भिजवून, चाकू पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत घालून, अंगठ्यांनी दाबीत दाबीत त्याचा आकार उठवावा आणि सावलीत वाळवावे. सावलीत, हे मुद्दाम सांगतो. उन्हाळ्यात भुसावळ-वरणगावकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि त्या उन्हात ओले कातडे पापडासारखे कडक होऊन चिरते. कड काचकागदाने घासून, ओली करून, मांजरपाटाच्या तुकड्याने चोळीत बसले की तिला शिंगासारखी चकाकी येते. दोन संध्याकाळी ह्यास पुरतात.

आपल्याकडचा मुरलेला कारागीर असे दोन सुयांनी शिवीत बसत नाही. त्याच्या आरीच्या टोकाशी आकडा असतो; भोक पाडल्या खेपेसच तो खालचा दोरा आकड्यात धरून वर ओढतो, त्याच्या आढ्यातून दुसरे टोक घालतो आणि पुढे जातो. हे पाहत उभे राहिलो तर टाका केव्हा पडला ते कळत नाही. ज्या हातास हे साधले आहे तो हात अशिक्षित आहे असे म्हणणाऱ्याने शिक्षण ह्या शब्दाची आपली व्याख्या तपासावी. नवशिक्याने मात्र दोन सुयांनीच आरंभ करावा. त्यात वेग नाही, पण चूक झाली तर ती तेथल्या तेथे दिसते.

आता आत्याबाईंकडे वळतो. कातड्याचा विटाळ हे आमच्या धर्माचे जुने सूत्र आहे, असे त्यांना वाटते. तसे ते असते तर आमचे आजोबा-पणजोबा तहानेने मेले असते. विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीचे पाणी मळ्यावर चढत होते ते कातड्याच्या मोटेतून. त्या पाण्यावर वाढलेले पीक नैवेद्यास चालत होते. तेल-तूप बुधल्यात राही आणि बुधला कातड्याचा. पखालीतले पाणी रस्त्यांवर शिंपले जाई. मृदंगाच्या पुडीस कातडे, तबल्याच्या वाद्या कातड्याच्या, आणि ते दोन्ही देवासमोर वाजतात. जपास बसावयास मृगाजिन आणि व्याघ्रांबर तर पवित्रच. म्हणजे विटाळ कातड्यास कधीच नव्हता. तो ते कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या माणसास होता, आणि वस्तू त्याच्या हातून सुटून आमच्या हाती आली की विटाळ तिच्या मागे येत नसे. इतकी सोयीची अस्पृश्यता जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

क्रिकेटचा चेंडू घ्या. मीरत आणि जालंदर येथील कारागीर कातड्याचे तुकडे जोडून त्यावर शिवणीच्या सहा रांगा घालतात. आमची मुले तो चेंडू हातात घट्ट धरतात, पाटलोणीवर घासतात. २०२० मध्ये महामारीमुळे बंदी येईपर्यंत मोठमोठे गोलंदाज त्यास थुंकी लावून चमकवीत. ह्या देशाच्या पहिल्या नामांकित गोलंदाजांपैकी एक, पाळवणकर बाळू, चर्मकार समाजात जन्मले होते. पुण्यात त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत, पण विश्रांतीच्या वेळी बाळूंस चहा वेगळा आणि वेगळ्या भांड्यात मिळे. चेंडू चालतो, हात चालत नाही. आत्याबाईंचे वाक्य ह्याच कुळातले आहे.

आणि शहरातील सुधारलेल्या मंडळींनी येथे हसण्याचे कारण नाही. त्यांनी ह्या वाक्यावर उपाय काढला आहे तो भाषांतराचा. 'चांभारकाम' म्हटले की नाक मुरडावयाचे आणि 'लेदरक्राफ्ट' म्हटले की फी भरून नाव नोंदवावयाचे. कातडे आधीच कापलेले, छिद्रे आधीच पाडलेली, दोरा मोजून दिलेला, असा संच सुबक पेटीतून घरपोच येतो. पोराने फक्त सुई आत-बाहेर करावयाची. अशा पेटीने कोणाचे हात शिकत नाहीत, पण एक कार्य मात्र ती बिनबोभाट करते: ज्याच्याजवळ ही विद्या पिढ्यान् पिढ्या आहे त्या माणसाच्या पोत्यावर बसण्याची गरज ती नाहीशी करते. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्रादा ह्या इटालियन पेढीने कोल्हापुरीसारख्या चपला श्रेय न देता मांडल्या, तेव्हा आमच्या वर्गाचा संताप अनावर झाला होता. तो योग्यच होता. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि टीका झाल्यावर त्या पेढीस तिचे मूळ मान्य करावे लागले. परंतु त्या दिवसांत हातातील यंत्रावर संतापाची वाक्ये लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी कोल्हापुरी चप्पल करणाऱ्यास कधी घरात बसावयास पाट दिला होता?

येथे एक आक्षेप असा येतो की त्यास आम्ही टाळू शकत नाही, आणि तो आत्याबाईंच्या बाजूने नव्हे तर अगदी उलट बाजूने येतो. ज्यांच्यावर हे काम जन्माने लादले गेले, ते त्यातून बाहेर पडण्यासाठी धडपडत आहेत. आणि ज्यांनी ते लादले त्यांच्या मुलींनी आता त्यास छंद म्हणून हाती घ्यावे, ही क्रूर थट्टा नव्हे काय? १९३६ ह्या एकाच वर्षात ह्या प्रश्नाची दोन टोके महाराष्ट्राने पाहिली. त्या वर्षी डॉ. आंबेडकरांचे जातिनिर्मूलनावरील न झालेले भाषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. जातीने कामांची वाटणी केली एवढेच नव्हे, तर काम करणारी माणसेच बंद कप्प्यांत कोंडली आणि त्यांना आपला धंदा निवडण्याची वाट ठेवली नाही, हा त्यातील एक मुख्य युक्तिवाद. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, वरणगावहून तापी ओलांडली की फार दूर नसलेल्या फैजपुरास, काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले आणि तेथे खादी व ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले. पुढच्या वर्षी वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगांच्या यादीत कातडीकामासही जागा दिली. यादीत ते राहिले. शाळांतून टकळी फिरली; आरी फारशी कोणी फिरविली नाही. आज कार्यानुभवाच्या तासास मुले कागदाची फुले करतात.

आमच्या मते ह्या दोन टोकांत आंबेडकरांचे म्हणणे पायाचे आहे. ज्यास दुसरी वाट नाही त्याला त्याच्या कामाचे माहात्म्य ऐकविणे हा उद्धटपणा आहे. वरणगावच्या त्या कारागिराच्या मुलाने अभियंता व्हावे, कारखान्यात अधिकारी व्हावे, वाटल्यास आरी कधी हातातही धरू नये. त्यास 'परंपरा सोडू नकोस' म्हणून सांगण्याचा अधिकार आम्हांपैकी कोणास नाही. परंतु ह्यावरून आमच्या मुलींनी कातड्यास हात लावू नये असा निष्कर्ष जे काढतात, ते आंबेडकरांचे नाव घेऊन आत्याबाईंचेच काम करतात. धंदा निवडण्याची मोकळीक दोन्ही दारांनी हवी. एका दाराने चर्मकाराचा मुलगा बाहेर पडतो आणि दुसऱ्या दाराने कोणीच आत येत नाही, तोपर्यंत लोकांच्या मनात कातडे आणि जात ह्यांची सांगड तशीच राहते. जो बाहेर पडला त्याच्या आडनावामागेही ती जाते.

आत येणारे कोणी झालेच नाही असे नाही. कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन हे उच्चशिक्षित ब्राह्मण. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून त्यांनी उपोषण केले होते. १९४८ मध्ये कणकवलीस त्यांनी गोपुरी आश्रम स्थापिला आणि मेलेली जनावरे सोलणे व कातडी कमावणे ही कामे स्वतःच्या हातांनी केली. वर्ध्याजवळ नालवाडीस गोपाळराव वाळुंजकरांनी मृत जनावरांच्या कातड्यांचे चर्मालय चालविले. ह्या पुरुषांच्या तसबिरी आम्ही भिंतीवर लावतो. त्यांनी जे केले त्याच्या शतांशही नसलेली गोष्ट, म्हणजे कमावलेल्या स्वच्छ कातड्याचा वीतभर तुकडा शिवणे, एका मुलीने करू म्हटले तर घर हादरते.

कारखान्यातील त्या गृहस्थांस आम्ही एक प्रश्न विचारला होता. सरकारी यंत्रावर उभे राहून पितळेस आकार देण्यात त्यांचे आयुष्य गेले. ते काम हाताचेच होते, तेलाने कपडे काळे होत, आणि तरी गावात त्यांस मान होता. रस्त्यावरील त्या कारागिराचा हातही तितकाच अचूक आहे. मग त्यास मान का नाही? ते बराच वेळ गप्प बसले व म्हणाले, "आम्हांला पेन्शन आहे." उत्तर प्रामाणिक होते, पण अर्धेच होते. पेन्शन नसलेल्या शिंप्याकडे त्यांच्या घरातील बायका शिवण शिकावयास गेल्याच होत्या.

राहिला गुरुदक्षिणेचा प्रश्न, आणि ह्यात आमची माणसे हटकून घसरतात. त्या कारागिराने पहिल्या दिवशी मुलीकडून पैसे घेतले नाहीत. घरच्यांनी त्याचे मोठे कौतुक केले आणि दिवाळीस त्यास फराळाचा डबा व जुना सदरा द्यावा असे ठरविले. जुना सदरा हे दान झाले. शिकवणीचे मोल नव्हे. त्याच मुलीस गणित शिकविणारे मास्तर तासाचे जितके घेतात, तितके ह्याने शिकविलेल्या तासांचे हिशेबाने द्यावे, पाकिटात घालून द्यावे, आणि बाजारात उभ्याने न देता घरी बोलावून, बैठकीत बसवून, घरच्याच कपांत चहा देऊन द्यावे, असे आम्ही सुचविले. आत्याबाई उठून आत गेल्या. वडिलांनी मात्र तासांचा हिशेब मांडावयास कागद घेतला.

ज्या वाचकांच्या घरी असा बेत असेल त्यांस एवढेच सांगतो की पावसाळ्यात कातडे दमट राहून त्यावर बुरशी धरते व सोल्यूशनही नीट वाळत नाही. आरंभ दसऱ्यास करावा. पहिले घर बहुधा वाकडे होते. म्हणून कातडे दोन घरांपुरते घ्यावे.